अर्धी रंगवलेली चिमणी आणि दोन विमानं

मला खाली आणलं ते बोईसरजवळच्या नवापूरच्या बाजूला राहणाऱ्या एका ताडीवाल्या काकांनी. हे आधीच सांगून टाकतो. एकदा विमानांचं सांगायला लागलं की ऐकणारे विमानांतच अडकतात. किती जवळ आली, आवाज कसा झाला, तुला खरंच दिसलं का, असं चालू राहतं आणि काकांपर्यंत गोष्ट पोचतच नाही. बोईसरच्या खोलीवरच्या पोरांना मी हे चार वेळा सांगितलं असेल. चारही वेळा काका राहून गेले. म्हणून या वेळी ते पहिले.

मी वाशिमकडचा. आठवीनंतर शाळा सुटली. सोडली असं म्हणत नाही, कारण ठरवून काही केलं नव्हतं. नववीचा वर्ग दुसऱ्या गावी होता, तिथे जाऊन हेडमास्तरांशी बोलायचं होतं, आणि ते बोलणं मी पुढे ढकलत राहिलो. पावसाळा संपला तेव्हा मी शाळेतला राहिलो नव्हतो. टेबलामागे बसलेल्या माणसाची मला पहिल्यापासून भीती. काही विचारलं की घसा आवळतो, आणि खरं असलेलंही खोट्यासारखं बाहेर पडतं. उंचीची मात्र भीती नव्हती. गावाकडच्या एकाच्या ओळखीने बोईसरला आलो, रंगाच्या ठेकेदाराने विचारलं, "वर चढशील का?" आणि मी हो म्हणालो. वर कुणी काही विचारत नाही, एवढाच माझा विचार.

तीन वर्षं टाक्या, पाइप, शेडचे पत्रे रंगवले. मग हे चिमणीचं काम आलं. एमआयडीसीतला एक मध्यम कारखाना, बॉयलर दुरुस्तीसाठी बंद, तेवढ्यात चिमणी रंगवून घ्यायची. लोखंडी चिमणी, दहा मजली इमारतीएवढी, तिच्यावर लाल आणि पांढरे पट्टे. उन्हाने आणि खाऱ्या हवेने रंगाचे पोपडे सुटलेले.

"हे पट्टे विमानांसाठी असतात," ठेकेदार पहिल्या दिवशी म्हणाला. "पायलटला लांबून दिसायला पाहिजे ना."

तो सहज बोलून गेला. मी ते सहज घेतलं नाही, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

काम असं चालायचं. चिमणीच्या डोक्यावर लोखंडी कडं. त्याला पुली. पुलीवरून दोर, दोराच्या एका टोकाला माझा झुला, म्हणजे बसायची लाकडी फळी, आणि दुसरं टोक खाली जमिनीवरच्या माणसाच्या हातात. तो दोर सोडेल तसा मी खाली येणार, ओढेल तसा वर जाणार. मला माझं मला वरखाली होता येत नव्हतं. कमरेला सेफ्टी बेल्ट, त्याचा हुक वेगळ्या दोराला, झुला तुटला तर त्यावर लटकायचं. चढायची लोखंडी शिडी चिमणीच्या दुसऱ्या अंगाला होती. झुल्यावरून हात लांब केला तरी दीड हात कमी पडायचा.

खालचा माणूस गोरखपूरकडचा. त्याच्या मोबाइलमध्ये डोक्यावरून जाणारी विमानं दाखवणारं काहीतरी होतं. आमच्या बाजूने मुंबईला उतरणारी पुष्कळ जातात. तो खालून ओरडून सांगायचा, हे दुबईचं, हे दिल्लीचं, हे मालवाहू, यात पॅसेंजर नाही.

पहिला आठवडा मी जुना रंग खरवडत होतो. मग वरच्या भागाला रेड ऑक्साइडचं तांबडं अस्तर मारलं. म्हणजे वरचे दोन लाल, दोन पांढरे असे चार पट्टे गेले आणि चिमणी वरून विटेच्या रंगाची एकसारखी झाली. त्या दिवसापासून विमान दिसलं की ते पार निघून जाईपर्यंत मी त्याच्याकडे बघत राहायचो. मी खाली ओरडून विचारलं एकदा.

"भाई, पट्टे नहीं है तो विमान को समझेगा कैसे?"

"पायलट के पास चश्मा है," तो म्हणाला. "तू ब्रश मार."

काका मला वरूनच ओळखीचे झाले. कारखान्याच्या भिंतीपलीकडे ताडांची रांग होती. सकाळी काका कमरेला कोयता आणि मडकं अडकवून एकेका ताडावर चढायचे. एक ताड तर भिंतीवरच कलंडलेला होता. मी चिमणीच्या मधल्या भागात असलो की आम्ही दोघं जवळजवळ समोरासमोर यायचो. दोन दिवस नुसता हात वर केला. तिसऱ्या दिवशी त्यांनीच हाक दिली.

"काय रे रंगाऱ्या, तुज्या झाडाला काय फल येतं?"

"धूर," मी म्हटलं.

"मंग माजं बरं हाय."

साठीचे असावेत. पाय अनवाणी, पोटऱ्या दोरासारख्या पिळलेल्या. नंतर मी वर गेलो की आधी ते आलेत का बघायचो. एवढ्या लांबच्या मुलखात सकाळी कुणीतरी हात वर करतं, हे बरं वाटायचं.

त्या दिवशी पहिला पांढरा पट्टा मारायचा होता. पांढऱ्या रंगाची बादली झुल्याच्या खिळ्याला टांगून मी वर गेलो. मला सुटल्यासारखं वाटत होतं, की आज निदान एक पट्टा तरी होईल. दहाच्या सुमाराला खालून आवाज आला.

"ऊपर देख. दो-दो माल वाले."

मी बघितलं. एक समुद्राकडून, उतरत येणारं. दुसरं दक्षिणेकडून, चढत येणारं. आभाळात विमानं एकमेकांजवळ दिसतात पण ती नसतात जवळ, हे एवढ्या दिवसांत मला कळलं होतं. एक पुढे असतं, एक मागे, एक वर, एक खाली. मी वाट बघत राहिलो की आता कळेल कोण वर आहे. कळेना. दोन्ही मोठी होत होती आणि दोघांमधली जागा कमी होत होती. मग एकाचं नाक दुसऱ्याच्या पंखापाशी आलं, आणि ते पंखाच्या आड जाईना की पुढे येईना. माझ्या हातातला ब्रश तसाच राहिला.

त्यानंतर जे झालं ते दोन-चार श्वासांत झालं. चढणारं एकदम आणखी वर उचललं गेलं, कुणी मानेला धरून उचलावं तसं. आणि उतरणारं खाली घसरलं. त्याचं तोंड माझ्याकडे होतं. आवाज मागाहून आला, एवढा की चिमणीच्या पत्र्याला माझा गुडघा टेकलेला होता तिथे तो मला हाडात जाणवला.

इथे राहणाऱ्याला आभाळातून काही खाली येताना दिसलं की नजर आपोआप अणुवीज केंद्राच्या बाजूला जाते. माझीही गेली. मग परत विमानाकडे. ते येतच होतं. आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट उभी राहिली. हे चिमणी शोधतंय. तिला चुकवायला बघतंय. आणि तिला पट्टे नाहीत, कारण ते मी पुसले.

आज हे लिहिताना मला कळतं की हा किती वेडेपणा होता. तेव्हा तो वेडेपणा नव्हता. मला समुद्राकडच्या अंगाला पांढरं फासायचं होतं. तिकडे झुकायला बेल्टचा दोर पुरेना, म्हणून मी हुक काढला. तीन वर्षांत कधी काढला नव्हता. पायाने चिमणीला रेटा देऊन झुला तिकडे नेला, बादलीत हात घातला आणि तळहातांनी पांढरा रंग फासायला लागलो. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा झुला फिरला, बादलीची कडी खिळ्यावरून सुटली आणि बादली गेली.

ती खालच्या शेडच्या पत्र्यावर पडली. बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला.

मी वर बघितलं तर विमान नव्हतंच तिथे. दक्षिणेला सरळ चाललं होतं, लहान होत. दुसरंही कुठे दिसेना. आभाळ नेहमीसारखं धुरकट.

आणि खाली सायरन सुरू झाला.

आमच्या भागात धडाका झाला आणि सायरन वाजला तर काय करायचं हे सगळ्यांना पाठ असतं. हातातलं टाकायचं, नाकाला ओला रुमाल लावायचा, वारा कुठला ते बघायचं आणि अॅसेंब्ली पॉइंटला जाऊन उभं राहायचं. तिथे डोकी मोजतात. सहा महिन्यांनी एकदा सराव असतोच. माझ्या खालच्या माणसाने सरावात शिकवलं तसंच केलं. दोराचं टोक खुंट्याला गुंडाळलं, वर तोंड करून "उतर जा" ओरडला आणि पळाला. मला उतरवणारा तोच होता.

नंतर कळलं की बादलीच्या आवाजाला स्फोट समजून सायरन दिला होता, आणि डोकी मोजली तेव्हा ठेकेदाराने आमचे सगळे आले म्हणून सांगितलं. त्याने समोर उभे होते तेवढे बघितले. वर बघायचं कुणाला सुचलं नाही.

मी झुल्यावर बसून होतो. झुला परत आपल्या जागी आला होता, शिडीपासून दीड हात लांब. बेल्टचा हुक पाठीमागे कुठेतरी लोंबत होता. दोन्ही हात रंगाने निसरडे. मी दोन्ही हातांनी दोर धरला होता आणि डावा थोडा थोडा खाली सरकत होता. उजव्या हाताने हुक चाचपायचा तर उजवा हात दोरावरून काढावा लागणार होता. तो निघेना. मी त्याला मनात सांगत होतो, नीघ, आणि तो दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा ऐकत नव्हता. तीन वर्षांत पहिल्यांदा मला खालची जमीन दिसली. म्हणजे रोजच दिसायची, पण ती किती लांब आहे हे दिसलं. अंगण रिकामं. सायरन चालूच. मला वाटलं खाली वायू सुटला असेल आणि सगळे पळाले असतील. मग वाटलं, नाही, हे मला धरायला येतील. विमानं चुकली ती माझ्यामुळे.

"ए रंगाऱ्या."

काका समोरच्या ताडावर होते.

"हुक लाव."

मी नुसतं त्यांच्याकडे बघितलं.

"हुक लाव म्हनतो ना मी."

"हात हलत नाही, काका."

"मंग नको हलवू. डोले मिटू नको. खाली बगू नको. मी येतो."

ते उतरले. त्यांचा ताड रिकामा झाला, आणि सगळ्यात वाईट वेळ ती होती. आता समोर बघायलाही कुणी नव्हतं. ते किती वेळात आले मला सांगता येणार नाही. कलंडलेल्या ताडावरून ते भिंतीवर आले आणि आत उतरले, हे मागाहून समजलं. मला आधी शिडीच्या गजांवर अनवाणी पाय पडल्याचा चट चट आवाज आला. मग त्यांचा श्वास. मग माझ्या उजव्या बाजूला त्यांचं डोकं.

"आलो. आता तू काय करू नको. जे करायचं ते मी करीन."

ताडावर चढताना पायात अडकवायचा दोराचा वेढा त्यांच्या खांद्याला होता. तो त्यांनी फेकला. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा झुल्याच्या दोरात अडकला, आणि ते मला हळूहळू शिडीकडे ओढायला लागले. झुला हलला तसा मी ओरडलो.

"ओरड," ते म्हणाले, "ओरडाय काय नाय. फक्त सोडू नको."

मी शिडीजवळ आलो तसा त्यांनी पहिल्यांदा माझ्या पाठीमागचा हुक शोधला आणि शिडीच्या गजाला अडकवला. खट्ट झालं. तो आवाज ऐकून मला रडायला आलं.

"काका, माझ्यामुळे झालं."

"काय झालं?"

"विमानं. मी पट्टे पुसले. त्यांना चिमणी दिसली नाही."

त्यांनी हुक एकदा ओढून बघितला. मग म्हणाले, "म्हंजे मुंबैला जानारी इमानं तुजी चिमनी बगून जातात?"

"पट्टे त्यांच्यासाठीच असतात."

"आनि धुक्यात? रोज पडत असतील मंग. आमच्या वाडीत आजून एक पन नाय पडलं." त्यांनी माझा उजवा हात मनगटाला धरला. "बोट सोड. एक बोट. आता दुसरं. चल, माजं मडकं वरती राहिलंय, कावले तोंड घालतील."

एकेक बोट सोडवत त्यांनी माझा हात दोरावरून काढून शिडीवर ठेवला. मग पाय. मग हुक सोडवून ते माझ्या खाली गेले. उतरताना प्रत्येक पायरीला ते माझ्या टाचेखाली तळहात धरायचे, पाय त्यावर घ्यायचे आणि खालच्या गजावर नेऊन ठेवायचे. "हाय. टेकला. आता दुसरा." पंधरा-वीस पायऱ्यांनंतर मी स्वतः उतरू शकलो असतो बहुधा. मी सांगितलं नाही. त्यांनीही हात काढला नाही. शेवटच्या पायरीपर्यंत माझी टाच त्यांच्या हातात होती.

खाली आल्यावर मी सिमेंटवर पालथा पडलो. काका शेजारी उकिडवे बसून हाताला लागलेला माझा पांढरा रंग दगडाला पुसत होते.

तेवढ्यात सायरन थांबला आणि लोक परत यायला लागले. पहिला वॉचमन आला. त्याने मला बघितलं नाही, काकांना बघितलं.

"तू आत कसा आलास? प्यायलाय काय?"

"काडतो," काका म्हणाले. "पीत नाय."

आम्हाला दोघांना ऑफिसात नेलं. दाराबाहेर ठेकेदाराने माझा दंड धरला आणि हळू आवाजात सांगितलं, की तुला वर सोडून सगळे गेले हे बाहेर आलं तर माझं काम जाईल, आणि तुझं तर जाईलच. आत टेबल. टेबलामागे सुरक्षेचे साहेब. माणूस वाईट नव्हता, मला पाणी दिलं. मग विचारलं, "खाली कसा आलास? कोणी आणलं?"

मी ग्लास टेबलावर ठेवला.

"स्वतः उतरला साहेब," ठेकेदार म्हणाला. "हा बाहेरचा गडबडीत भिंतीवरून घुसला."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलाच्या कडेकडे बघत राहिलो. तिथे चहाचा गोल डाग होता. काका दारात उभे होते, त्यांनी ऐकलं. मी मान वर करेपर्यंत त्यांनी माझ्यावरची नजर काढली होती.

"माजं मडकं वर हाय," ते साहेबांना म्हणाले. "जाऊ का?"

भिंत चढून आलेल्यांत त्यांचं नाव लिहून घेतलं आणि त्यांना जाऊ दिलं.

त्या संध्याकाळी आईचा फोन आला. जेवलास का म्हणाली. जेवलो म्हटलं. पुढचे चार-पाच दिवस खोलीच्या दारावर थाप पडली की मला पोलीस वाटायचे. मग खालच्या माणसाने मोबाइलवर एक बातमी दाखवली, चार ओळींची. पालघरच्या किनाऱ्याजवळ दोन मालवाहू विमानं फार जवळ आली, विमानांतल्याच यंत्राने दोन्ही पायलटना सावध केलं, एकाला वर जायला सांगितलं, एकाला खाली, दोन्ही सुखरूप. चौकशी होईल. चिमणीचं कुठे नाव नव्हतं. मी ती बातमी तीनदा वाचायला लावली. "तेरा नाम ढूँढ रहा है क्या?" तो हसला.

मी नाव शोधत होतोच. पण दुसरीही एक गोष्ट होती. मालवाहू म्हणजे आत माणूस नाही, असं मी धरून चाललो होतो. खोकी आपली आपण जातात जणू. पुढे बसलेली दोन माणसं, त्यांनी समोरच्या काचेत दुसरं विमान मोठं होताना बघितलं असेल, हे मला त्या चार ओळींनी कळलं. त्यांचे हात त्यांचं ऐकत राहिले. ते कसे राहिले हे मला अजून विचारावंसं वाटतं.

मी त्यानंतर उंचावर गेलो नाही. दुसऱ्याच ठेकेदाराकडे टाक्यांना खालून रंग मारतो. स्टुलावर चढलो तरी बेल्टचा हुक हाताने चाचपतो, बेल्ट नसतानाही.

महिन्याभराने त्या कारखान्यावरून जायचा योग आला. भिंतीवर काटेरी तार आली होती. कलंडलेला ताड नव्हता, शेजारचाही नव्हता. दोन ओले बुंधे तेवढे. चहावाल्याने सांगितलं, बाहेरची माणसं झाडावरून आत येतात म्हणून कारखान्याने जागेच्या मालकाला लिहिलं आणि त्याने तोडून दिले. काका खंडाने ते ताड काढायचे, त्यांचं कोण ऐकणार. ताड ताडी द्यायला लागेपर्यंत माणसाचं अर्धं आयुष्य जातं. मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी बसायला दिलं, पोह्याचा पापड दिला, वाशिमला पाऊस किती पडतो ते विचारलं.

"काका, ते दोन ताड," मी म्हटलं.

"गेले. बाकीचे हायत."

"माझ्यामुळे गेले."

"इमानं पन तुज्यामुले, ताड पन तुज्यामुले," ते म्हणाले. "लय मोटा मानूस हायस तू."

त्यांची बायको आतून हसली. मलाही हसू आलं आणि बोलायचं ते राहून गेलं.

विमानं माझ्यामुळे चुकली नाहीत, हे आता मला पटलंय. ताडांचं तसं नाही. त्या दिवशी टेबलासमोर मी एवढंच म्हणालो असतो, की साहेब, मला यांनी आणलं, तर भिंतीवरून आलेला माणूस चोर ठरला नसता आणि ते ताड तुटले नसते. एका वाक्याचं काम होतं. विचारलंही होतं मला. दोन वेळा त्या कारखान्याच्या रस्त्याला लागलो आणि दोन्ही वेळा फाटक दिसताच वळलो. हे सगळं लिहून काढलं ते यासाठी, की वाक्य कागदावर तरी एकदा पुरं व्हावं.

काका, ताड मला परत उभे करता येणार नाहीत. पण त्या ऑफिसात मी जाईन. तेच साहेब असोत की दुसरे कुणी, टेबलामागे जो बसला असेल त्याला सांगेन, की या काकांचं नाव भिंत चढून आलेल्यांत लिहिलंय ते खोडा, हा माणूस मला आणायला आला होता. कधी ते आज सांगता येत नाही, अजून भीती वाटते. पण तुमचं हे देणं मी फेडणार आहे, आणि तुमच्या डोळ्यांदेखत फेडणार आहे.